खंडेनवमीला बसवलेला बंपर

यशवंतानं मला शेवटचं मारलं ते मरणाच्या चार दिवस आधी. दवाखान्यात खाटेवर पडून होता, एका वाक्यात तीनदा धाप लागत होती. मी मोसंबी घेऊन गेलो होतो. त्याची ती दशा बघितली आणि माझे डोळे भरून आले. त्यानं बोटानं जवळ बोलावलं. काहीतरी सांगायचं असेल म्हणून मी वाकलो, तर डाव्या हाताची सणसणीत चपराक गालावर बसली. "रडतंस कित्याक रे मेल्या? मी अजून आसंय!" शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दचकून उठून बसला. चौथ्या दिवशी मुलुंडला एका ट्रकचं इंजिन उतरवत होतो, तेव्हा आमच्या शेजारचा गिरणीवाला सायकल मारत आला आणि म्हणाला, "सदा, यशवंता गेला." मी हातातला पाना खाली ठेवला. पहिला विचार आला तो असा, की आता मला मारणारं कोणी उरलं नाही. दीड महिना होऊन गेला, पण त्या विचाराची लाज अजून गेलेली नाही.

आमची ओळखच मुळी मारामारीत झाली. लढाई संपली होती आणि लष्करातला माल ढिगानं लिलावात निघत होता. जीपच्या हत्यारांची एक पेटी मला हवी होती, तीच त्यालाही हवी होती. मी घाटकोपरचा, मॅट्रिक झालेला, घरात सगळे कचेरीत जाणारे. मी एकटाच इंजिनाच्या नादी लागलेला. तो मालवणकडचा, बापजाद्यांपासून लोहारकाम. बोली चढत गेली, मग आवाज चढले, मग हात. माझा पुढचा दात तिथंच पडला आणि त्याची भुवई फुटली. शेवटी पेटी दोघांनी मिळून घेतली, कारण रक्त पुसता पुसता लक्षात आलं की मला लोखंड तापवता येत नाही आणि त्याला इंजिन कळत नाही. महिन्याभरात आग्रा रोडला पत्र्याचं दुकान टाकलं. ऐरण आणि भाता त्याच्या बाजूला, इंजिनं माझ्या.

तो भला माणूस होता वगैरे मी लिहिणार नाही. तो रागीट होता, शिवराळ होता, आणि लोखंड वाकडं बसलं की हातात असेल ते फेकून मारायचा. एका गिऱ्हाइकानं त्याच्या समोर म्हटलं, "चालेल ना, जरा तिरकं असलं तरी," तर त्यानं ते नवं कोरं काम घणानं चेपून त्याच्या पायाशी टाकलं. मलाही कमी मारलं नाही. पण एक मात्र होतं... त्याच्या हातून सुटलेलं काम पुन्हा दुकानात आलं, असं कधी झालं नाही. जीपचा बंपर तर त्याचा खास. कारखान्यातून आलेला बंपर त्याला पापड वाटायचा. तो जाड चॅनल घ्यायचा, दोन्ही टोकं तापवून मागे वळवायचा, गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे चासीला, दर बाजूला वर दोन आणि खाली दोन असे बोल्ट घालायचा, आणि गाडी देण्याआधी स्वतः स्टिअरिंगवर बसून ती मागच्या अंगणातल्या काळ्या धोंड्यावर घालायचा. धडाम! पत्रे हादरायचे. मग खाली उतरून आठही नट हातानं चाचपायचा. एखादाही हलला तर सगळं पुन्हा उघडायचा.

आणि खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा बहुतेक सगळीच कारागीर माणसं करतात, पण यशवंताचं ते वेड होतं. दुपारी बारापर्यंत काम. मग घण, हातोडे, सांडशा, छिन्न्या, माझे पाने, सगळं राखुंडीनं घासून ऐरणीसमोर मांडायचं, हळदकुंकू, झेंडू. एकदा मांडलं की दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. आमच्या दुसऱ्याच वर्षी मी त्या मांडणीतून एक स्क्रू-ड्रायव्हर उचलला होता. कुणाच्या तरी मोटारीचा दिवा सैल झाला होता, एक पीळ द्यायचा, बस. यशवंतानं मला भात्याच्या दांड्यानं एवढं झोडपलं की दसऱ्याचं सोनं वाटायला मी घराबाहेर पडू शकलो नाही. "ती आज विसाव्याला बसलीत," तो म्हणत होता, "वर्षभर राबतात, एक दिस तुला गप बसवत नाही?" मी त्या दिवसापासून धडा घेतला. तो चुकीचा धडा होता, हे कळायला तीन वर्षं गेली.

त्या वर्षी मुलुंडच्या एका खाणीच्या ठेकेदाराची जीप आमच्याकडे आली होती. गाडी लष्करातलीच, खाणीतल्या दगडांनी तिचा पुढचा बंपर मोडून टाकलेला. ती चालवायचा मारुती म्हणून एक हसरा माणूस. पंचविशीचा, लग्न ठरलेलं. चांगला ओळखीचा झाला होता; आला की माझ्या डब्यातली भाजी चाखल्याशिवाय जायचा नाही. यशवंतानं बंपर झकास बनवला. बसवायला घेतला तो खंडेनवमीच्या सकाळी. वरची भोकं जुळली, पण खालची जुळेनात, कारण चासीचं डावं टोक पाऊण इंच खाली वाकलेलं निघालं. ते तापवून सरळ करायचं तर दोन तासांचं काम, आणि बारा वाजत आलेले. यशवंताची बायको, आमच्या वहिनी, ताट घेऊन दारात उभ्या. यशवंतानं वरचे चार बोल्ट नुसते अडकवले, नट बोटांनी दोन-दोन आटे फिरवले, बंपर तोलून धरायला खाली एक लाकडी ठोकळा दिला आणि मला म्हणाला, "सदा, उद्या पूजा झाली की चासी सरळ करू. तोवर गाडी हलवायची नाही." मी हो म्हटलं. पूजा झाली, प्रसाद झाला, तो आणि वहिनी घरी गेले.

साडेतीनच्या सुमाराला मारुती आला. दुसऱ्या दिवशी सकाळी खाणीवर गाड्यांची पूजा होती आणि ठेकेदाराला जीप हवीच होती. मी म्हटलं, "अरे, काम अर्धं आहे." तो म्हणाला, "हळूहळू नेतो ना यार. पूजा झाली की लगेच परत आणून लावतो. शेठ माझी वाट लावील नायतर." माझ्या घरी सासरची मंडळी यायची होती. मला दुकान बंद करून निघायचं होतं... एवढंच. याहून मोठं कारण नव्हतं, आणि मी ते शोधायचा प्रयत्नही करणार नाही. नट आवळायला पाना हवा होता. पाना समोर होता, दीड हातावर, कुंकू लावून ठेवलेला. मला भात्याचा दांडा आठवला. मी पाना उचलला नाही. आठ बोल्टांचं काम चार बोल्टांवर होतं, आणि त्या चारांचे नट मी बोटांनी जेवढे जातील तेवढे फिरवले. ठोकळा काढला, मारुतीच्या हातात किल्ली दिली, आणि "सांभाळून जा रे," म्हटलं.

दसऱ्याला दहाच्या पुढे यशवंत दुकानात आला. पूजा उरकली, हातोडा कपाळाला लावला आणि मागे वळला. "गाडी खंय आसा?" मी सांगितलं. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यानं विचारलं, "नट आवळलेस?" मी म्हटलं, "बोटांनी." त्यानं सांडशी घेतली आणि माझ्या कानशिलावर हाणली, तो कान आजही धड ऐकत नाही. मी पडलो, तसा त्यानं लाथ घातली, मग दुसरी. "उठ! ट्रक मिळतो का बघ, मुलुंडला जाऊया!" तो ओरडत होता आणि मारतही होता. पण त्याच्या आधीच मुलुंडहून ट्रक आला.

खाणीच्या उतारावर ते घडलं होतं. हार घातलेली जीप मारुती खाली नेत होता. धक्क्यांनी डावीकडचे नट निसटले, बंपरचं ते टोक खाली पडून जमिनीत रुतलं आणि गाडी त्याच्यावरून उलटली. मारुती खाली सापडला. जागच्या जागी गेला. ट्रकमधून वीसेक माणसं उतरली, कुणाच्या हातात पहार, कुणाच्या हातात घण, आणि सगळ्यांत पुढे मारुतीचे दोन भाऊ. मी यशवंताच्या लाथेनं दारापर्यंत गेलेलोच होतो. तसाच उठून पळालो आणि रस्त्यापलीकडच्या चहाच्या दुकानात शिरलो. तिथून सगळं दिसत होतं. ऐकूही येत होतं. थोरला भाऊ ओरडला, "बंपर कोणी बसवला?"

यशवंत म्हणाला, "मी."

त्यांनी त्याला पहारींनी मारलं. तो दणकट माणूस, त्यानंही दोघांना लोळवलं, एकाचे दात पाडले. मग ते सगळे मिळून त्याच्यावर तुटून पडले. त्याला ओढत ऐरणीपाशी नेला, उजवा हात झेंडूच्या फुलांवर दाबून धरला, आणि धाकट्या भावानं त्याच्याच घणानं... तीन घाव. मी मोजले. मी चहावाल्याच्या फळकुटाला घट्ट धरून उभा होतो आणि माझे पाय हलले नाहीत. भीतीनं हलले नाहीत. घशापर्यंत आलेलं "मी किल्ली दिली" हे वाक्य मी गिळलं.

त्याच्या हाताची चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. पोलिसांनी विचारलं तर म्हणाला, चेहरे बघितले नाहीत. दोन महिन्यांनी तो दुकानात आला. मी वाट बघत होतो की आता मला ठार मारील. त्यानं डाव्या हातानं लोखंड भट्टीत घातलं आणि म्हणाला, "मी धरतो, तू ठोक." त्या दिवसापासून घण माझ्याकडे आला. मारणं थांबलं नाही. उजव्याची कसर त्यानं डाव्यानं भरून काढली. प्रत्येक नट मी आवळायचा आणि तो अंगठ्यानं चाचपायचा.

पण दरवर्षी दसऱ्याला मारुतीचे भाऊ यायचे. एकदा पाटी फोडली. एकदा भाता फाडला. एका वर्षी धाकट्यानं सायकलची साखळी यशवंताच्या तोंडावर मारली, गाल हाडापर्यंत फाटला. यशवंतानं हात उचलला नाही. ज्या माणसानं एका तिरक्या कामासाठी गिऱ्हाइकासमोर घण उचलला होता, तो माणूस गालाला फडकं लावून उभा राहिला. त्या दिवशी मला राहवलं नाही. म्हटलं, "यशवंता, मी सांगतो त्यांना. तू का खातोस माझा मार?" तो म्हणाला, "त्यांनी विचारलं, बंपर कोणी बसवला. मी बसवला होता. किल्ली कोणी दिली, हे कुणी विचारलं नाही."

"पण ते खोटं आहे रे."

"सांगून माझी बोटं येतीत? तुझीपण जातील. दोन घरं या दुकानावर आहेत. एकाचे तरी हात शाबूत पायजेत. गप बस." आणि मग, गालावरचं फडकं दाबत, "मी तुला त्या स्क्रू-ड्रायव्हरसाठी एवढा मारला नसता, तर तू पाना उचलला असतास." एवढंच. पुन्हा हा विषय त्यानं काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. त्याच्या लाथा मला सोसत होत्या, ते वाक्य सोसलं नाही.

मी गप बसलो. मला सोयीचं होतं म्हणून बसलो. मुलुंडपासून कुर्ल्यापर्यंत जीपवाले त्याला 'माणूस मारलेला लोहार' म्हणायचे आणि मी शेजारी उभा राहून ऐकायचो. त्याच्या अंत्ययात्रेलाही दोघं-तिघं हेच कुजबुजत होते.

तेरावा झाल्यावर मी वहिनींसमोर बसलो आणि सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबले, पुन्हा चालू झाले. मग म्हणाल्या, "भावोजी, हे मला सांगून काय होणार? मी यांना त्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते कधी. मारुतीच्या आईला सांगितलंत का?" मी नाही म्हणून मान हलवली. "मग तिला सांगा. ती अजून यांच्या नावानं बोटं मोडते. मेलेल्या माणसाच्या नावानं."

त्यानंतर तीनदा मुलुंडला गेलो. तिन्ही वेळा खाणीच्या रस्त्याच्या तोंडाशी पाय थांबले आणि मी परत आलो. मी घाबरट माणूस आहे. हे आता सांगायला हरकत नाही. म्हणून वर्तमानपत्राला पाठवायला हा कागद हातात घेतला. मारुतीचा धाकटा भाऊ रविवारचं वर्तमानपत्र आईला वाचून दाखवतो, असं खाणीवरच्या एकानं मला सांगितलंय. आज वाचत असेल तर त्यानं हे मोठ्यानं वाचावं. मावशी, तुमच्या मुलाला यशवंतानं मारलं नाही. त्यानं गाडी हलवू नको म्हणून सांगितलं होतं. नट मी सैल ठेवले. किल्ली मी दिली. त्याच्या नावानं बोटं मोडू नका.

आणि मारुतीच्या भावांनो, दसऱ्यापर्यंत थांबायची गरज नाही. दुकान सकाळी आठला उघडतं. मी एकटाच असतो.