तीन निळे ड्रम

गेल्या वर्षी मे महिन्यात, जायकवाडीच्या पाण्यावर, माझ्या भाचीचे शर्यतीचे एकमेव शीड एका मासेमाराने कोयत्याने चिरले. तिची निवड चाचणी तेव्हा तीन आठवड्यांवर होती.

ते शीड आता उस्मानपुऱ्यात आमच्या गच्चीवर पसरलेले असते. त्यावर कुरडया वाळतात. कितीही धुतले तरी तापल्यावर त्याला धरणाच्या गाळाचा वास येतो. ऊन चढले की तो वास जिन्यातून घरात उतरतो आणि त्याच्यामागे तो उन्हाळा.

भाची विंडसर्फिंगच्या शर्यती खेळते. तोच तिचा पेशा. हिवाळा समुद्रावर जातो. दोन स्पर्धांमधला उन्हाळा ती मामाकडे, म्हणजे माझ्याकडे काढते, कारण वैशाखात दुपार कलली की धरणावर पश्चिमेचा वारा सुटतो. तो वारा सुखाचा नसतो. उघड्या पडलेल्या गाळाची धूळ तो उचलून आणतो, ओठ फुटतात, डोळे चुरचुरतात, ओसरलेल्या पाण्याच्या जागी पेरलेल्या काकडीचे वेल दुपारी माना टाकतात. तिला मात्र तोच वारा हवा असतो.

वळणाच्या सरावासाठी तिने भंगारातून आणलेले तीन छोटे निळे ड्रम मुरमाची पोती बांधून पाण्यात सोडले. तिच्या लेखी त्या शर्यतीच्या खुणा होत्या. किनाऱ्यावरची रीत आम्हाला ठाऊक नव्हती. पाणी ओसरू लागले की मासेमार तरंगती खूण बांधतात. ज्याची खूण आधी दिसली, त्याच्या पट्ट्यात त्या हंगामात दुसरा कोणी जाळे टाकत नाही. ड्रमांमधला पट्टा वर्षानुवर्षे एकाच माणसाचा होता. घरातल्या लग्नामुळे त्याला यायला उशीर झाला. तो आला तेव्हा त्याच्या पाण्यावर दुसऱ्याची खूण होती.

तो विचारायला आला नाही. त्याने आपले जाळे सरळ तिच्या ड्रमांना बांधले. मासेमार जाळी पहाटे उचलतात, म्हणून दुपारी पाणी मोकळे असेल असे ती धरून होती; हे जाळे दुपारीही तिथेच होते. वळताना तिच्या फळीखालच्या धारदार पात्याने ते फाटले आणि ती पाण्यात पडली. तो होडी वल्हवत आला, आडव्या झालेल्या शिडात कोयता घातला आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढला.

किनाऱ्यावर बोलणे झाले ते एवढेच.

“पाणी सरकारचं आहे, काका,” ती म्हणाली.

“मंग सरकारलाच सांग शीड शिवायला.”

“चाचणी आहे माझी. दुसरं शीड नाही माझ्याकडे.”

“मला बी दुसरं पाणी नाय. ड्रम टाकायच्या आधी इचारायचं व्हतं.”

“विचारलं असतं तर दिली असती जागा?”

“नाय.”

शीड शिवता येत नव्हते. सुई टोचली की प्लास्टिक पुढे फाटत जाई. कडा चिकटपट्टीने जोडल्या. चाचणीत दोन शर्यती पट्टी टिकली. तिसरीत शीड त्याच रेषेवर उघडले. तिची निवड झाली नाही.

पावसाळ्यात धरण भरले आणि दोर आखूड पडून ड्रम पाण्याखाली गेले. मला वाटले, विषय तिथे बुडाला. बातम्यांच्या धंद्यात इतकी वर्षे काढूनही माणूस असे धरून चालतो, की दिसेनासे झालेले संपते. यंदा पाणी ओसरले तसे तिन्ही ड्रम पुन्हा वर आले, रंग उडालेले, जागा न सोडलेले.

भाची याही मे महिन्यात आली. नवे शीड घेऊन आली. पुन्हा निवड चाचणी आहे. पहिल्या दुपारी आम्ही धरणावर गेलो, तेव्हा तिन्ही ड्रमांना त्याच मासेमाराची जाळी बांधलेली होती. तिने चौथा ड्रम आणला होता. तो तिने त्याच्या शेवटच्या जाळ्याच्या बऱ्याच पलीकडे, कोणाचीही खूण नसलेल्या पाण्यात सोडला. मासेमार होडीत बसून पाहत होता.

दुसऱ्या दुपारी आम्ही पोहोचलो, तेव्हा चौथ्या ड्रमालाही त्याचे जाळे बांधलेले होते.