तिसरी खूण

युगांडातल्या फोर्ट पोर्टलच्या बाजारात पक्की बातमी होती: डॉक्टर बसेमेरा नशा करते. सकाळी ड्रॉवरमधून गोळी काढते, गिळते, मगच माणसं तपासते. केळीवालीला तर गोळीचा रंगसुद्धा माहीत होता.

गोळी खरी, नशा खोटी. चौतिसाव्या वर्षी कंपालाच्या डॉक्टरांनी बसेमेराला सांगितलं, तुला एडीएचडी आहे. लक्ष ठरत नाही ते आळसाने नव्हे. गोळी त्यावरचीच. ती रडली, हसली आणि छत्री तिथेच विसरून आली.

मागच्या महिन्यात मात्र हसण्यावारी न्यावं असं राहिलं नाही. आमच्या तोरो भागात माणसाला लाडक्या नावाने हाक मारतात आणि अशी नावं मोजून बारा: अकीकी, अतेन्यी, अब्वोली अशी. तिने दारातून "अकीकी" म्हटलं, तर बाकावरचे तिघे उठले. आत आला एक, फाइल बघितली दुसऱ्याची. औषधवाल्याने अडवलं म्हणून निभावलं. जिल्ह्याच्या साहेबांनी कळवलं, आणखी एक चूक झाली की तपासणी बंद, गोदामात खोकी मोजायची. दोन दिवस तिला घास गेला नाही. माणसं तपासण्यापलीकडे तिला काही करायचंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिने प्रत्येक रोग्याच्या हातात पेन्सिल आणि तीन चौकोनांची चिठ्ठी दिली. डॉक्टरने पूर्ण नाव विचारलं की रोग्याने एक खूण करायची. कुठलं औषध सोसत नाही ते विचारलं, दुसरी. लिहिलेलं औषध वाचून दाखवलं, तिसरी. तोवर खुर्ची सोडायची नाही.

मेट्रन काबाहुमा नाकातून म्हणाल्या, "आता रोगी डॉक्टरला तपासणार? उद्या मला सुई टोचतील."

"टोचू द्या की, अतेन्यी. तुम्ही हलत नाही, त्यांना सोपं जाईल," डॉक्टर म्हणाली.

घसा सुजला म्हणून मी रांगेत होते. वेळ जावा म्हणून डॉक्टरची नक्कल चालली होती: अर्धं वाक्य, मग पेनाची शोधाशोध. मागून आवाज आला, "पेन केसांत असतं. ते राहिलं तुझं."

मी म्हटलं, "पैज लावता? आज एक तरी खूण राहणार."

"लावली. हरलीस तर महिनाभर माझी नक्कल बंद."

शेवटी, रांगेत आमची पैज ऐकलेले चहामळ्यातले म्हातारे अकीकीबाबा आत गेले. मध्येच झटके येणारं बाळ आलं, डॉक्टर धावली. परत येऊन घाईघाईने लिहिलं आणि म्हणाली, "झालं, बाबा. औषध घ्या."

बाबा हलेनात. "तिसरा चौकोन कोरा आहे."

"बाळाकडे जायचंय मला."

"जा की. आधी वाच, अब्वोली."

ती वाचू लागली आणि थांबली. बाळाचं औषध बाबांच्या कागदावर उतरलं होतं. तिने कागद फाडला, नवा लिहिला, सावकाश वाचला. बाबांनी खूण इतकी दाबून केली की चिठ्ठीला भोक पडलं.

दारातून मी म्हटलं, "विसरलात. मी जिंकले."

"पैज खुणेची होती," बाबांनी चिठ्ठी माझ्या नाकासमोर धरली. "मोज."

तीन होत्या. महिना संपायला अजून नऊ दिवस आहेत. मेट्रनची नक्कल चालते, विचारून घेतलंय.