मोटारसायकलीचे डॉक्टर

आमच्या ह्यांनी ती मोटारसायकल कडोदऱ्याहून टेम्पोत घालून आणली, तेव्हा मला वाटलं, वाटेत तिची सीट पडली असावी. सीट अशी नव्हतीच. टॉवेलाची घडी ठेवावी एवढी गादी, पेट्रोलची टाकी तांब्याएवढी आणि चिखलपत्रा पार कमरेपर्यंत वर. ही ट्रायल्सची गाडी आहे, असं हे म्हणाले. म्हणजे दगडधोंड्यांवरून, ओंडक्यांवरून, पाय खाली न टेकता, उभ्यानं आणि सावकाश चालवायची. कुणा पॉवरलूमवाल्याच्या भाच्यानं परदेशातून मागवली होती, आणि हौस फिटल्यावर ह्यांच्या गळ्यात मारली होती.

हे बँकेत अधिकारी. बॅडमिंटनची रॅकेट, मासे पाळायची काचेची पेटी आणि योगासनांचं पुस्तक हे सगळं माळ्यावर पोचवून झालं होतं. सुरतेत दगड कुठे आहेत, असं मी विचारलं. "तुला ह्यातलं काही कळायचं नाही," असं उत्तर आलं. मी मराठी शाळेत विज्ञान शिकवत होते, पण ते घरात धरत नसत.

गाडीचा रोग असा होता. सकाळी एका किकमध्ये सुरू व्हायची, सोसायटीच्या फाटकातून ऐटीत बाहेर पडायची आणि मोठ्या रस्त्याला लागून थोडं पुढे गेली की घुसमटल्यासारखी होऊन बंद पडायची. मग हे ढकलत परत आणायचे. खाली आणून उभी केली, थोडा वेळ गेला, की पुन्हा एका किकमध्ये सुरू.

ह्या शेवटच्या गोष्टीनं सगळा घोळ केला. कारण तेवढ्या वेळात कुणी ना कुणी गाडीला हात लावलेला असायचा, आणि गाडी सुरू झाली की तो माणूस डॉक्टर व्हायचा. शेजारचे कापड दलाल म्हणाले, "कार्बोरेटरमां कचरो छे." कार्बोरेटर उघडला, पुसला, लावला. गाडी सुरू झाली. दलालांनी आमच्याकडे चहा घेतला. दुसऱ्या दिवशी ती त्याच जागी बंद. मग ह्यांचे कॅशियर मित्र आले. त्यांनी प्लग घासला. गाडी सुरू झाली, त्यांनीही चहा घेतला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर नुसते गाडीभोवती फिरले आणि पेट्रोलात भेसळ आहे असं सांगून गेले. त्यांनाही चहा. कुणाच्याही मनात आलं नाही की बाबा, काहीच केलं नाही तरी ही सुरू होते का, ते एकदा बघावं. पुरुष चारचौघांत गाडीजवळ उभे राहिले की त्यांना नुसतं बघत राहणं कमीपणाचं वाटतं.

एका रविवारी कॅशियर मित्रांनी नवीन प्लग बसवला, पण टाकीचं झाकण कुठे ठेवलं ते त्यांनाच आठवेना. हे टाकीच्या तोंडाला फडकं बांधून निघाले आणि बमरोलीपर्यंत जाऊन, एकदाही न थांबता परत आले. केवढा जल्लोष. नवीन प्लगनं काम केलं, असं ठरलं. संध्याकाळी झाकण खिडकीत सापडलं, ते लावलं, आणि सोमवारी गाडी पुन्हा त्याच जागी मेली.

रॉकेलच्या डब्याला एकच भोक पाडलं तर रॉकेल गचके देत येतं आणि थांबतं, हे स्वयंपाकघरात उभ्या राहिलेल्या कुणालाही ठाऊक असतं. तेल जायला आत हवा यावी लागते. मी चपला घालून रस्त्यावर गेले. हे नेहमीच्या जागी घाम पुसत उभे होते. मी टाकीचं झाकण फिरवलं. आत सुस्स करून हवा शिरली.

"आता किक मारा," मी म्हटलं.

"झाकणाचा आणि इंजिनाचा काय संबंध?"

"मारा तर."

गाडी सुरू झाली. घरी येऊन झाकणावरची हवेची बारीक नळी मी सेफ्टी पिनेनं कोरली. कुंभारमाशीनं ती मातीनं ठासून भरली होती. आतून वाळलेल्या कोळ्याचे पायसुद्धा निघाले. त्यानंतर गाडी कधी घुसमटली नाही. बँकेत मात्र झाकणाचा दोष ह्यांनी शोधला. हे मला कॅशियरांच्या बायकोकडून कळलं, तेही कौतुकानं.

गाडी बरी झाल्यावर ह्यांना सबब उरली नाही. सोसायटीच्या मागे विटा आणि एक ओंडका मांडला. दलाल, मास्तर, कॅशियर, सगळे बघायला आले. हे गाडीवर उभे राहिले, विटांपर्यंत गेले आणि गाडी विटांवर चढायच्या आत स्वतःच आडवे झाले. मनगट मोडलं. प्लास्टर घातलेल्या हातानं ते खुर्चीत बसून गाडी कशी सांभाळावी हे मला सांगू लागले. त्यांना ते येत नव्हतं, म्हणून मी पुस्तिका वाचली. पेट्रोलात ऑइल किती मिसळायचं, चेन किती ढिली ठेवायची, हवेच्या गाळणीचा स्पंज धुऊन तेलात कसा पिळायचा, सगळं त्यात सरळ लिहिलं होतं. पुस्तिका गाडीबरोबरच आली होती. ती उघडण्यात कुणाला रस नव्हता. एकदा दलाल पांढऱ्या सफारीत सल्ला द्यायला आले, तेव्हा मी तो तेलकट स्पंज त्यांच्या हातात दिला आणि जरा पिळून द्या म्हटलं. त्यानंतर त्यांना गाडीत काही दोष दिसला नाही.

मग मी पंजाबी ड्रेस घालून मागच्या मोकळ्या मैदानात ती चालवायला शिकले. विटांच्या वाटेला गेले नाही. नसता अडथळा आपणच मांडायचा आणि मग तो ओलांडल्याचं कौतुक करून घ्यायचं, हा उद्योग मला अजूनही पटत नाही. प्लास्टर निघाल्यावर ह्यांनी गाडीकडे पाठ फिरवली आणि कॅमेरे बघायला सुरुवात केली.

सासूबाई हे सगळं गॅलरीतून बघत होत्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. एके दिवशी मी गाडी काढताना त्यांनी वरून विचारलं, "बाजारापर्यंत जाते का ती?"

"जाते."

"मग कोथिंबीर आण. त्याला सांगितलं तर तो आधी पिशवीचा अभ्यास करील."