झुंबरबाईचा ताठा

पहाटे चारला झुंबरबाईचा दिवस सुरू व्हायचा. मांडवगण फराट्यात शेवंतीचा तोडा लागला की बायका डोक्याला बॅटरी बांधून वाफ्यात शिरतात. फूल देठाशी खुडायचं, पाकळी दुमडता कामा नये. झुंबरबाई हे मान मागं टाकून करायची. वरच्या पापण्यांची कातडी सैल होऊन बुबुळावर उतरली होती. हनुवटी वर केल्याशिवाय समोरचं दिसत नसे.

गावाला हे माहीत होतं, पाहुण्यांना नव्हतं. तिच्या पप्पूला बघायला दौंडकडची मंडळी आली, चहा पिऊन गेली. मग मध्यस्थ रोहिदासमामा निरोप घेऊन आले.

"पोरगा पसंत हाय. पण सासू लई ताठ्याची, नाकावरून बघती म्हणत्यात."

"आवं मामा, दिसावं म्हणून तशी बघत व्हते."

"ते त्यांना काय ठावं? माघात परत आणतो त्यांना. तवर काय ते कर."

तोडा संपल्यावर ती दौंडला डॉक्टरकडं गेली. डॉक्टरांनी पापणी बोटानं उचलून पाहिली. "बाई, डोळ्यावर झापड आहे."

झुंबरबाई उठलीच. "कामात झापड येणारी बाई न्हाई मी."

"झोपेची नव्हे. घाण्याच्या बैलाला बांधतात तशी."

ती परत बसली.

डॉक्टरांनी सगळं सांगितलं. भूल पापणीपुरतीच, सुई टोचेल, मग नुसतं ओढल्यासारखं कळेल. पापणीच्या घडीत चीर देऊन जादा कातडी काढायची. टाके आठवड्यानं. डोळे सुजतील, काळेनिळे होतील, कोरडे पडतील. थेंब घालायचे, उशी उंच घ्यायची. फार दुखलं किंवा दिसायला कमी आलं तर लगेच यायचं. दोन आठवडे वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. मिश्री बंद.

"तरणी दिसन का?"

"नाही. तुम्हाला समोरचं दिसेल."

"मग करा."

ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, हे तिला टाक्यांपेक्षा अवघड गेलं. पप्पूनं भाकरी थापल्या. तिनं त्या दुधात कुस्करून खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी शेजारची नकुशी दारात येऊन पप्पूकडं रोखून बघत राहिली.

"आईला मारतोस व्हय रे?"

"आपरेशन केलंय मावशी."

"मारणारे असंच काहीबाही सांगत्यात."

माघात पाहुणे आले. झुंबरबाई सरळ बसली आणि तिनं मुलीच्या आईकडं, सविताबाईंकडं, सरळ बघितलं.

"मागल्या टायमाला तुमचं तोंड मला नीट दिसलंच न्हवतं."

"म्हंजी तो ताठा न्हवता?"

"कातडी व्हती. काढून टाकली."

सविताबाई उठून जवळ आल्या. "व्रण कुठाय?"

झुंबरबाईनं डोळे मिटले. दोन्ही पापण्यांवर बारीक रेघ होती. सविताबाईंनी ती वाकून, पदर सावरून, सावकाश बघितली.

"चांगलं बसलंय," त्या म्हणाल्या. "मग विहीणबाई, सुनेला काय घालणार?"

"तिच्या काळ्या मण्यांचं पप्पू बघन," झुंबरबाई म्हणाली. "माझी हंगामाची मजुरी या दोन पापण्यांत गेली."