ठेंगणीचं बॉनेट

आमच्या फायबरच्या दुकानाची फरशी आता मूळची राहिलेली नाही. कितीतरी वर्षं तिच्यावर फायबरला चोपडायचं रेझिन सांडत आलं आहे. कूलरचं हिरवं, टाकीचं काळं, जीपच्या टपाचं लाल, असे एकावर एक थर बसले. सांडताना कुणाचं लक्ष नसतं. मध्ये एकदा दार लागेना म्हणून उंबऱ्याजवळ छन्नी मारली, तर एक जाड पापुद्रा निघाला. आमच्याकडे रंगाचं काम करणारे रफीकभाई तो हातात घेऊन म्हणाले, "भाभी, ये लाल देखो. ठेंगणी के टैम का है." झालं. काम तिथंच थांबलं, चहा आला आणि ज्याला त्याला आठवायला लागलं. किस्सेही बहुतेक असेच साचतात. सांडताना कळत नाही.

ठेंगणी म्हणजे एक मोटार. हिंगोली जिल्हा होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. आमचं दुकान आखाडा बाळापूरला, नांदेडच्या रस्त्यावर. आमचे हे पुण्याकडे बोटी बनवणाऱ्या एका कारखान्यात काम शिकून आलेले. मी दहावी आणि वर शिवणक्लास. घासायच्या कामाला जवळच्या तांड्यावरून सोनाबाई यायची. एवढेच आम्ही चौघं.

* * *

गाडी आणली सेनगावकडच्या दिलीपरावांनी. घरची मोठी शेती, पण तरुणपणी मोटारींच्या शर्यतीत भाग घेतलेला माणूस. दोन दारांची, राखाडी रंगाची, वीस वर्षं जुनी गाडी. आणि इतकी बुटकी की दुकानापुढच्या नालीवरून तिला आत येता येईना. शेवटी चौघांनी उचलून आत घेतली. सोनाबाईनं तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि मला विचारलं, "ताई, ही गाडी बसायची हाय का पांघरायची?"

त्या दिवसापासून ती ठेंगणी.

दिलीपरावांना तिचं बॉनेट कार्बन फायबरचं करून हवं होतं. दिवाळीनंतर पुण्याकडच्या एका घाटात जुन्या गाड्यांची शर्यत होती, आणि मूळचं लोखंडी बॉनेट जड पडत होतं. "किती जड?" यांनी विचारलं. ते कुणालाच सांगता येईना. म्हणून बॉनेट काढून मोंढ्यातल्या आडतीवर नेलं. मूग-उडदाची आवक चालू होती. हमालानं पोत्यांच्या मध्येच बॉनेट काट्यावर ठेवलं. मुनीमजींनी वही सोडून वर बघितलंसुद्धा नाही. काटा वाचला आणि म्हणाले, "अठरा. ओलीचं एक कापा. सतरा लिहा."

दिलीपरावांनी त्यांना हात जोडले. "मुनीमजी, हे वजन कमी करायला मी दोन महिने झाले फिरून राहिलो. तुमी बसल्या जागी किलोभर उतरवलं."

* * *

कार्बनचं कापड दिलीपरावांच्या भाच्यानं परदेशातून आणून दिलं होतं. एकच तुकडा. एक बॉनेट होईल, वर वीतभरही उरणार नाही, एवढाच. आमच्या जिल्ह्यात तर सोडाच, नांदेडलाही ते कापड कुणी पाहिलेलं नव्हतं. आम्ही ते ट्रंकेत पाट्यासारखं सपाट ठेवलं आणि ट्रंकेला कुलूप लावलं.

सोनाबाईला दाखवलं तर तिनं दोन बोटांत धरून बघितलं. "चमक चांगली हाय. पर एवढं काळं लुगडं नेसल कोण?"

कापायची वेळ आली तेव्हा यांनी कात्री घेतली. पहिल्याच कातरीला कडेचे धागे सुटायला लागले. मी म्हणाले, "थांबा. आधी कडेला टेप लावा, मग कापा. आणि अंदाजानं काहून कापता? कागद घ्या."

"बॉनेट आहे ते, ब्लाऊज नाही."

"ब्लाऊज चुकला तर उसवता येतो. हे उसवता येणार हाय का?"

यांनी कात्री माझ्यापुढे ठेवली. मग मी जुन्या वर्तमानपत्रांचे कागद जोडून बॉनेटवर अंथरले, उंचवटा होता तिथं टाचण्या लावून टक्स घेतले आणि जन्मात पहिल्यांदा एका मोटारीचं माप घेतलं. रफीकभाई लांबून बघत होते. म्हणाले, "भाभी, गला बराबर रखना. पिछली बार मेरी बीवी का तंग हो गया था."

* * *

रेझिनमध्ये हार्डनर टाकलं की वीस मिनिटं हातात असतात. पुढे ते दगड होतं. दुकानातलं घड्याळ बंद पडलेलं, आणि हातातलं घड्याळ रेझिननं खराब होतं म्हणून कुणी घालत नसे. आमची वेळ चालायची शेजारच्या पिठाच्या गिरणीवर. एका गिऱ्हाईकाचं ज्वारीचं दळण संपलं, पट्ट्याचा आवाज बदलला, की समजायचं आता आवरतं घ्या.

जुन्या बॉनेटवरून साचा काढायचा दिवस होता. साच्यासाठी जीपच्या टपाचा उरलेला लाल रंग रेझिनमध्ये घातला होता. हे आणि रफीकभाई निवांत ब्रश मारत होते. गिरणी चालूच होती. मध्येच यांनी ब्रश मगात बुडवला तो वर येईना. जोर लावून उचलला तर मगासकट ब्रश. गिरणी अजून चालूच.

रफीकभाई तणतणत गिरणीवर गेले. गिरणीवाला पिठानं पांढरा झालेला. तो म्हणाला, "भाई, आज लग्नाचं दळण हाय. दुपारपर्यंत थांबायची न्हाई."

साचा कसाबसा निभावला. तो प्लास्टिकचा मग, ब्रश उभा रोवलेला, अजून आमच्या दाराला अडकण म्हणून आहे. आणि त्यानंतर हार्डनर टाकायच्या आधी रफीकभाई गिरणीत डोकावून विचारायचे, "आज किसी की शादी तो नहीं?"

* * *

साचा घासायला लागलो आणि फायबरची धूळ उडायला लागली. ही धूळ अंगाला लागली की खाज सुटते. आम्हाला सवय होती. पण त्या आठवड्यात यांचे कामाचे कपडे चुकून घरच्या कपड्यांत धुतले गेले, आणि तेच घरचे कपडे घालून आम्ही सगळे धाकट्या दिरासाठी मुलगी बघायला डोंगरकड्याला गेलो.

पोहे येईपर्यंत सगळं नीट होतं. मग सासूबाईंनी पाठ खाजवली. मामांनी मान. नवरदेव तर मुलीला नाव विचारता विचारता दंड खाजवत होता. मुलीचे वडील बघत राहिले, आणि फार सावकाश म्हणाले, "तुमच्याकडं पाण्याची तकलीफ हाय का?"

मी सगळं समजावून सांगितलं. फायबर, साचा, धूळ. ते मान हलवत राहिले. सोयरीक जमली, लग्न झालं. फक्त रुखवतात साबणाची पेटी आली.

* * *

एक दिवस दिलीपरावांबरोबर त्यांच्या घरच्या आल्या, कुसुमताई. तेव्हा आम्हाला कळलं की शर्यतीत त्या शेजारी बसतात. हातात वही असते, तिच्यात पुढच्या सगळ्या वळणांची नोंद. त्या वाचतात आणि दिलीपराव चालवतात. वळणाला आकडा असतो. एक म्हणजे एकदम अवघड, पाच म्हणजे साधं. सेनगावहून येतानाही त्यांचा सराव चालूच होता. त्यांची दुसरी गाडी दुकानापुढे थांबली तेव्हा आतून आवाज येत होता, "पुढं. डावं तीन. म्हशी. थांबा."

हे हसून म्हणाले, "वहिनी, हा रस्ता तर त्यांना पाठ हाय. सांगता काहून?"

"पंचवीस वर्षं सांगून राहिले. आता न सांगता हे घरातसुद्धा वळत नाहीत."

मग आम्ही दोघी मागच्या बाजूला चहा घेत बसलो. त्यांनी कप उचलला तो कान चाचपून. माझं लक्ष गेलेलं त्यांना कळलं असावं.

"साखरेनं डोळे चालले," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, वर्षभर. पुढल्या दिवाळीला मला वही वाचता यायची न्हाई. यांना माहीत हाय, पण आमी त्यावर बोलत न्हाई. या वर्षीची शर्यत तेवढी व्हावी."

"होईल की," मी म्हणाले.

"वही मोठ्या अक्षरात काढली, तिचं जमतंय. घोळ निराळाच हाय. राखाडी गाडी, राखाडी रस्ता. गाडीचं नाक कुठं संपतं आन् रस्ता कुठं सुरू होतो, तेच कळंना. नाक दिसल्याबिगर वळण सांगावं कसं?"

बॉनेट आता काळं होणार होतं, आणि डांबरही काळंच.

* * *

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. बॉनेट दुसऱ्या दिवशी भरायचं होतं, म्हणजे साच्यात कापड अंथरून रेझिन मारायचं. बॉनेट चिकटू नये म्हणून साच्याला वॅक्सचे सात हात देऊन झाले होते. हे बाहेर जाताना बजावून गेले, "साच्याला कुणी हात लावायचा न्हाई. घामाचा डागसुद्धा बॉनेटवर उमटतो."

मी ग्राइंडरला हळद-कुंकू लावलं. ड्रिलला, कॉम्प्रेसरला, रोलरला, कात्रीला, रफीकभाईंच्या रंगाच्या गनला. हळद संपली. ओल्या कुंकवाची वाटी हातात, आणि समोर साचा. ज्याच्यावर सगळं अवलंबून, त्यालाच कोरं ठेवायचं? मला कुसुमताई आठवल्या. नव्या गाडीला लावतात तिथं, नाकाशी, मी एक बोट टेकवलं. लाल साचा, लाल कुंकू. माझ्याच डोळ्यांना दिसलं नाही.

मला वाटलं, भरायच्या आधी हे एकदा पुसून घेतील. यांना वाटलं, साच्याला कुणाचा हात लागलेलाच नाही.

दुसऱ्या दिवशी गिरणी वेळेवर थांबली, कापड माझ्या मापाला बरोबर बसलं, एक सुरकुती आली नाही. तिसऱ्या दिवशी लाकडी पाचरी मारून बॉनेट सोडवलं आणि उलटं केलं. काळी वीण, वर काचेसारखी चमक. हिंगोलीत असं काही झालं नव्हतं. आणि नाकाशी, थोडं डावीकडे, लाल बोट. त्यावरच्या रेघासुद्धा दिसत होत्या.

रफीकभाई खाली वाकले. "भाभी, ये उंगली किसकी?"

सगळ्यांनी आपापली बोटं बघितली. मी माझं पुढे केलं.

घासलं असतं तर वीण फाटली असती. वरून रंग दिला असता तर कार्बनचं केलं काहून, असं झालं असतं. हे उकिडवे बसले. मग एवढंच म्हणाले, "कापड तर संपलं."

तरी वजनाला नेलंच. सहा किलो भरलं. मुनीमजींनी या वेळी वर बघितलं. म्हणाले, "याला ओल न्हाई. कोरडा माल हाय." पण कुणाला हसू आलं नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दिलीपराव आणि कुसुमताई आले. यांनी बॉनेट बसवून दिलं आणि मान खाली घालून उभे राहिले. दिलीपरावांना ते बोट दिसलं. ते काही बोलायच्या आत कुसुमताई दार उघडून आपल्या जागेवर जाऊन बसल्या. काचेतून पुढे बघत राहिल्या.

"अहो, पुढं हे लाल काय हाय?"

मी म्हणाले, "ताई, माझी चूक झाली. दसऱ्याचं कुंकू—"

"चूक राहू द्या. मला दिसून राहिलं ते." मग दिलीपरावांकडे वळल्या. "चला, बसा. नाक सापडलं."

* * *

शर्यतीत ते शेवटून तिसरे आले. पेढे घेऊन आले तेव्हा दिलीपराव म्हणाले, "शेवटून दुसरा व्हायची पाळी आलती. हिनं वाचवलं."

पुढे औरंगाबादचा एक मुलगा आला. त्यानं घाटात ठेंगणी बघितली होती, त्यालाही तसंच बॉनेट हवं होतं. लांबी-रुंदी, चमक, कडा, सगळं सांगून झाल्यावर जाता जाता म्हणाला, "आणि ते लाल बोट पण टाकायचं. ते तर असतंच ना?" मी यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "असतंच."

* * *

पुढच्या दसऱ्याला सकाळीच दुकानापुढे ठेंगणी थांबली. या वेळी आतून कुणी काही सांगत नव्हतं. दिलीपराव उतरले, पलीकडून कुसुमताईंचा हात धरून त्यांना नालीवरून आत आणलं. ठेंगणीच्या मागच्या झाकणाचं काम आमच्याकडे होतं. वॅक्स दिलेला साचा तयार होता.

कुसुमताई म्हणाल्या, "औंदा मी लावते."

यांनी स्वतः कुंकवाची वाटी आणली. त्यांनी बोट बुडवलं, आणि हात हवेत धरून उभ्या राहिल्या.

"कुठं, ते तुमी सांगा."

मी त्यांच्या खांद्याशी उभी राहिले. "पुढं," मी म्हणाले. "अजून पुढं. डावं तीन."

बोट वळलं आणि साच्याच्या वर थांबलं.

"म्हशी?" त्यांनी विचारलं.

"न्हाईत," मी म्हणाले. "रस्ता मोकळा हाय."