हिमालयाची तयारी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या साहेबांना दरवर्षी नवा छंद लागतो. आधी बासरी होती, मग सायकल. दोघी आता गच्चीवर एकमेकींच्या सोबतीला धूळ खात पडल्या आहेत. यंदा हिमालय. मी दारात चहा पीत बसलो की ते थांबतात, मनगटावरचं पावलं मोजणारं घड्याळ माझ्या तोंडासमोर धरतात आणि म्हणतात, "काहून बसून राह्यले भाऊ? जिंदगीत काही च्यालेंज पायजे का नाही?" मी हौ म्हणतो. नाही म्हटलं तर चहा थंड होतो.

आमच्या बालाघाट शहराला डोंगर काही दूर नाहीत, पण तिथवर जायला साहेबांना सवड नाही. म्हणून सराव जिन्यावरच चालतो. सरावाला पाठीवर वजन लागतं. परवा लालबर्ऱ्याच्या मिलमधून त्यांचा तांदूळ आला. त्यातलं एक लहान पोतं त्यांनी नव्याकोऱ्या बॅगेत कोंबलं आणि सकाळभर जिना चढत-उतरत राहिले. सराव संपला तेव्हा ते खाली होते. पोतं त्यांनी माझ्या दाराशी काढून ठेवलं आणि घामेजलेल्या चेहऱ्याचा फोटो माझ्याकडून काढून घेतला.

तेवढ्यात वहिनी खाली आल्या. त्यांना भात टाकायचा होता. त्यांनी पोतं डोक्यावर घेतलं आणि जिना चढू लागल्या. साहेब भिंतीला टेकून लिंबूपाणी पीत होते. मोठ्या मायेनं मागून म्हणाले,

"आराम से चढ वो. तुले आदत नाही न."