आत्यांची बंडी

माझ्या वहिनीच्या आत्यांनी आजवर जगातल्या कुठल्याही माणसावर, वस्तूवर किंवा बातमीवर पहिल्या फटक्यात विश्वास ठेवलेला नाही, आणि तसा ठेवणारा कुणी भेटलाच तर त्यात त्याचा काय फायदा असेल, याचा त्या आधी तपास करतील. जन्म शेलार गावचा, नोकरी भिवंडीतल्या प्राथमिक शाळेत. परीक्षेच्या दिवशी त्या चपला दाराबाहेर काढून अनवाणी फिरायच्या, म्हणजे कॉपी करणाऱ्याला मागून चाहूल लागू नये. निवृत्त झाल्या, पण चपला मनानं अजून दाराबाहेरच आहेत. कोळणीनं ‘ताजं हाय’ म्हटलं की कल्ले उचलून आत डोकावतात, मग शेजारच्या कोळणीला विचारतात, “ही खरं बोलते का गो?” शेजारीण हो म्हणाली की “दोघी सामील हायत” म्हणून मटणाच्या दुकानाकडे वळतात. सत्यनारायणाला गुरुजींसमोर स्वतःची पोथी उघडून बसतात. एकदा साधुवाण्याची नौका जरा लवकरच किनाऱ्याला लागली, तेव्हा त्यांनी हात वर करून गुरुजींना दोन पानं मागं नेलं होतं. लिफ्टमध्ये एकट्या चढत नाहीत, आणि दुसऱ्या कुणाबरोबर तर मुळीच नाही. आमच्या डोक्यावरचाच फ्लॅट त्यांचा. जिना उतरताना त्या आमच्या दारापाशी थांबून फोडणीचा वास घेतात आणि मी ऑफिसातून आल्यावर विचारतात, “आज हिंग जास्त झाला. काय लपवायचं होतं?”

अशा बाईला स्तनाचा कॅन्सर झाला, तेव्हा आम्ही सगळे हादरलो. आत्या मात्र डॉक्टरांवर नजर ठेवण्यात इतक्या गुंतल्या की घाबरायला त्यांना सवडच मिळाली नसावी. उजव्या बाजूचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, रेडिएशनचे शेक झाले, केमोत केस गेले आणि पुन्हा आले. नवे केस कुरळे आले, तर “हे माझे न्हाईत” असं त्या मला आरशासमोर उभं करून म्हणाल्या. ते सगळं पार पडलं. खरी गोष्ट सुरू झाली ती त्यानंतर, एका ब्लाउजवरून.

खालच्या गल्लीत एक शिलाईवाली भाभी आहे. आत्यांचे ब्लाउज वर्षानुवर्षं तीच शिवते, आणि वर्षानुवर्षं आत्या तिच्याकडून उरलेल्या चिंध्या परत मागून घेतात. त्या दिवशी ब्लाउज उजव्या बाजूला लागेना. आत्या मला साक्षीदार म्हणून घेऊन खाली उतरल्या आणि दारातूनच म्हणाल्या, “उजवीकडचं कापड खाल्लंस तू.” भाभीनं मशीन थांबवलं. “आत्या, कपडा मैंने नहीं खाया. आजाओ, फिरसे माप लेते.” तिनं पडदा ओढला, टेप फिरवला, आणि पुन्हा एकदा फिरवला. मग हलक्या आवाजात म्हणाली, “डावीकडे पुरानाच माप है. उजवीकडे बढ गया. काखेच्या खाली, इधर पीठतक. आत्या, ये सूजन है. डॉक्टरको दिखाओ.” आत्या पडद्यामागून बाहेर आल्या, त्या दिवशी चिंध्या मागायच्या विसरल्या.

डॉक्टरांनी तपासलं, पुन्हा फोटो काढले, सुईची तपासणी केली, आणि सांगितलं की कॅन्सर परतलेला नाही. काखेतल्या गाठी काढल्यामुळे आणि शेकांमुळे अंगातलं पाणी वाहून जायची वाट अडली आहे, ते स्तनात आणि कुशीत साचतंय. याला लिम्फेडेमा म्हणतात. हातावर येतो तो लोकांना ठाऊक असतो, छातीवरचा फारसा कुणी ओळखत नाही. खास हळुवार मालीश शिकावं लागेल, आणि दिवसा दाब देणारा कपडा घालावा लागेल. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, “पाणी? पाणी साचायला मी काय रस्त्यातला खड्डा हाय?”

तो कपडा शोधायला आम्ही निघालो. पहिल्या औषधाच्या दुकानात हातमोज्यासारखी बाही दाखवली. आत्यांनी ती हातात चढवून पाहिली आणि विचारलं, “आणि बाकीची मी?” दुसऱ्या दुकानदारानं इकडंतिकडं बघत, जणू काही चोरीचा माल देतोय अशा बेतानं, काउंटरखालून एक पट्टा काढला. तो बाळंतिणीनं पोटाला बांधायचा होता. आत्यांनी त्याच्याकडे पाहिलं, पट्ट्याकडे पाहिलं. “अभिनंदन कुणाचं करतोस?” म्हणाल्या. शेवटी माझ्या भाचीनं मोबाइलवरून एक घट्ट बनियन मागवली. तिच्या जाहिरातीत एक सडपातळ मुलगी हसत होती. “हिला सूज कुठं हाय? मग ही हसते कशाला?” हा आत्यांचा सवाल बिनतोड होता. तरी त्यांनी ती घातली, कारण न घालता दोष देणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. भिवंडीचा मे महिना. दुपार व्हायच्या आत बनियन खालून सुरळीच्या वडीसारखी गुंडाळत वर आली, छातीखाली दोरखंड होऊन बसली, आणि काखेत सुजेचा नवाच फुगा आला. कात्रीनं कापून काढावी लागली. कापताना आत्यांनी कात्रीला धार आहे का, हेसुद्धा विचारलं नाही. अशा आत्या मला ओळखीच्या नव्हत्या.

मग ठाण्याच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंचा पत्ता मिळाला. त्या याच सुजेवर काम करतात. वयानं लहान, केस आखूड, बोलणं शांत. आत्यांना तिन्ही गोष्टी संशयास्पद वाटल्या. त्यात त्या बाईंनी खूप प्रश्न विचारले. जड वाटतं का, संध्याकाळी वाढतं का, ब्राचे वळ किती वेळ राहतात, कातडी लाल झाली होती का, ताप आला होता का. “ही डॉक्टर हाय का पोलीस?” आत्या माझ्या कानाशी कुजबुजल्या, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात. त्या बाई हसल्या. म्हणाल्या, “आत्या, घट्ट म्हणजे चांगलं असं नाही. एका जागी आवळलं तर पाणी दुसऱ्या जागी पळतं. दाब सगळीकडे सारखा हवा, आणि तुम्हाला दिवसभर सोसवला पाहिजे. कपाटात ठेवलेल्या कपड्यानं सूज उतरत नाही.” मापं घेतली आणि दाब देणाऱ्या बंडीचा एक नमुना घरी वापरून बघायला दिला.

तो कपाटात गेला. आठवडा उलटला तरी बाहेर येईना. मी विचारलं की आत्या म्हणत, धुतला आहे, वाळतोय, विरलाय. पुन्हा ठाण्याला जायचा दिवस आला तेव्हा मी त्यांना जवळजवळ ओढूनच रिक्षात घातलं. काल्हेरला गोडाउनांच्या रांगेत ट्रक अडकले होते, पुढं कंटेनर, मागं कंटेनर, रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं. त्या अचानक आलेल्या शांततेत आत्या समोर बघत म्हणाल्या,

“खरं सांग. परत आलंय ना?”

“नाही हो आत्या. डॉक्टरांनी सांगितलं ना तुमच्यासमोर.”

“माझ्यासमोरच सांगतात. माझ्यामागं काय सांगतात ते तुला ठाव.”

मी काही बोलणार, तर त्यांनी हात वर केला. “ह्यांच्या आजारपणाच्या येळंला मला नुसतं पित्त हाय म्हणून सांगितलं. डॉक्टर पित्त म्हणाला, दीर पित्त म्हणाला, माझा सख्खा भाऊ पित्त म्हणाला. साऱ्या घराला ठाव होतं गो. एकटी मीच सुंठीचा काढा उकळत बसले होते, आणि ते बी मला हसून ‘बरं वाटतंय’ म्हणत होते. माणूस गेला तेव्हा कुणालाच धक्का बसला न्हाय. मला एकटीलाच बसला.” त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. “आता तुम्ही मला बंडी घालायला सांगताय. सुंठीचा काढाच की हा.”

इतकी वर्षं मी त्यांच्या संशयाच्या गोष्टी लोकांना रंगवून सांगत आले होते. कोळणीची, गुरुजींची, हिंगाची. पुढचा कंटेनर हलला तेव्हा मी रिक्षावाल्याला म्हटलं, “भाई, वापस घुमाओ.” आम्ही ठाण्याला गेलोच नाही, डॉक्टरांकडे गेलो. दारात मी त्यांना सांगितलं, “आत्या, आज मी आत येत नाही. सगळे रिपोर्ट तुम्हीच हातात घ्या, तुम्हाला जे विचारायचं ते एकट्यानं विचारा.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू परीक्षेच्या हॉलमधून पर्यवेक्षकालाच बाहेर काढलं होतं. मग आत गेल्या. बाहेरच्या बाकावर बसलेल्या पेशंटांनी दोनदा घड्याळ पाहून झालं, एकानं कंपाउंडरशी भांडणही काढलं, तेव्हा कुठं त्या बाहेर आल्या.

“न्हाय म्हणतो. परत आलेलं न्हाय.”

“मग बसला विश्वास डॉक्टरांवर?”

“त्याच्यावर कशाला बसंल?” आत्या चपला शोधत म्हणाल्या. “तू आत आली न्हाईस, म्हणून तुझ्यावर बसला.”

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःहून मला हाक मारत खाली आल्या. आणि मग ठाण्याच्या त्या दवाखान्यात जे झालं, ते बघायला मजा होती. त्या बाईंनी सांगितलं, “तुम्ही संशय घ्या आत्या, पण अंगात घालून घ्या. कुठं रुततं ते मला सांगा.” आजवर आत्यांना संशय घ्यायची विनंती कुणी केली नव्हती. त्या बंडी घालून खाली बसल्या, उठल्या, केर काढला, हवेत पोळ्या लाटल्या, भिंतीवर नसलेल्या फळ्यावर वरपासून खालपर्यंत बाराखडी लिहिली. पहिलीची शिवण काखेत टोचली. दुसरीचा पट्टा खांद्यात रुतला. तिसरी उलटी करून घातली, शिवण बाहेर, तेव्हा बरी वाटली, पण खालची कड आवळत होती. त्या बाई दर वेळी मान डोलावून लिहून घेत होत्या आणि आत्यांचा चेहरा खुलत चालला होता. शेवटी जी बेतली ती रुंद खांद्यांची, पुढून बंद होणारी, काखेत उंच, कमरेपर्यंत लांब, खाली इलॅस्टिक नसलेली होती, आणि कुशीतल्या सुजेवर बसेल असा मऊ फोमचा तुकडा आतून सरकवलेला. आत्यांनी दीर्घ श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. “ही धरते,” त्या म्हणाल्या, “पण पकडत न्हाय.” सूज पूर्ण जाणार नाही, हे त्यांना त्याच दिवशी सांगितलं गेलं, त्यांच्या तोंडावर, आणि त्यांनी ते ज्या समाधानानं ऐकलं त्यावरून कुणाला वाटलं असतं की काही आनंदाची बातमी आहे. सकाळी मालीश, दिवसा बंडी, उन्हाळ्यात कटकट, असं आता चालू आहे. उजवी बाजू हलकी झाली आहे. ब्लाउज मात्र भाभीनं दोन मापांचा शिवला, आणि आत्यांना वाटतं की डावीकडचं कापड तिनं खाल्लं.

परवा कोन गावी एका हळदीला गेलो होतो. मांडवात बेंजो वाजत होता, बायका नाचत होत्या, बोललेलं कानात ओरडल्याशिवाय कळत नव्हतं. आत्या ताटावर बसल्या होत्या, पण नजर कोपऱ्यातल्या एका बाईवर. नवरीकडची कुणीतरी, चाळिशीची असेल. “तिच्यावर लक्ष ठेव,” आत्या मला म्हणाल्या. मला वाटलं, झालं, आता कुणाची तरी पाटली हरवणार. मी पाहिलं. त्या बाईच्या डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली होती, एक खांदा उचललेला, आणि कोपर कुशीला असं दाबून धरलेलं, जणू तिथून काही सांडेल. आत्या ताटावरून उठल्या. तिच्याजवळ जाऊन बसल्या, कानाशी काहीतरी बोलल्या. ती बाई दचकली, नाही म्हणाली, मग मान खाली घातली. थोड्या वेळानं दोघी उठून आतल्या खोलीत गेल्या.

फार वेळ झाला म्हणून मी बघायला गेले. दार पुरतं लागलेलं नव्हतं. आत्या खोलीच्या मध्यात पदर खांद्यावर टाकून, झडती द्यायला उभं राहावं तसे दोन्ही हात वर करून उभ्या होत्या, आणि ती अनोळखी बाई त्यांच्या बंडीच्या काखेखालच्या शिवणीवरून घाबरत घाबरत बोटं फिरवत होती.

“मी सांगते म्हणून खरं मानू नको,” आत्या तिला म्हणत होत्या. “नीट हात लावून बघ.”

मी दार ओढून घेतलं आणि कुणी आत जाऊ नये म्हणून तिथंच उभी राहिले.